तीन हात

१

चाकूरच्या जगदेवीबाई बिराजदार पामचं झाड लावायला देण्याआधी त्याच्या खोडाला गेरूचा पट्टा ओढतात, हे त्या भागात रोपांचा धंदा करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पट्टा बोटभर रुंद, खोडाभोवती पूर्ण गोल, आणि मातीपासून बरोबर तीन हातांवर. हात म्हणजे त्यांचा स्वतःचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा. टेप आहे त्यांच्याकडे, पण तो गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता.

या पट्ट्याला कारण आहे. शेतात राबलेला माणूस झाड लावताना हमखास एक चूक करतो, झाड खोल पुरतो. वाऱ्यानं पडू नये म्हणून गळ्यापर्यंत मातीत घालतो, वरून पायानं दाबतो आणि हात झटकून मोकळा होतो. पामला ते सोसत नाही. गळा, म्हणजे मुळांच्या लगेच वरचा भाग, मातीत गेला की ते गुदमरतं, पण लगेच बोलत नाही. वर्ष-दीड वर्षानं त्याचं नवं पान करपलेलं बाहेर येतं, आणि तोवर लावणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून पट्टा. पट्ट्यापासून माती तीन हात भरली नाही तर जगदेवीबाई मजुरांच्या तोंडाकडे न बघता झाड पुन्हा काढायला लावतात. पाम वाढतं ते फक्त शेंड्यातून, त्यामुळं खोडावर ओढलेली रेघ दहा वर्षांनीही तिथंच असते. माणसं शब्द फिरवतात, पट्टा फिरवत नाही, असं त्या म्हणत.

त्या मंगळवारी सकाळी लिंगपूजा आटोपून त्या रोपांना पाणी सोडत होत्या, तेव्हा अमृतरावांचा फोन आला. अमृतराव हे उदगीरचे आडत व्यापारी, चाकूरहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या गिरिजा लॉन्सचे मालक. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जगदेवीबाईंकडून अकरा रॉयल पाम नेऊन दरवाजाशी एका ओळीत लावले होते. ती अकरा झाडं साधी नव्हती. जगदेवीबाईंच्या नवऱ्यानं त्यांचं बी हैदराबादहून सदऱ्याच्या खिशात घालून आणलं होतं. बी रुजलं, त्याच वर्षी तो गेला. पुढची आठ वर्षं बाईंनी ती रोपं लेकरांसारखी वाढवली, आणि विकताना त्यांच्या घशाखाली एक घास उतरला नव्हता.

अमृतराव फोनवर फार अदबीनं बोलले, आणि तेच वाईट होतं. येत्या रविवारनंतरच्या रविवारी त्यांच्या सृष्टीचं लग्न होतं, तिथंच, लॉन्सवर. आणि दरवाजातल्या अकराही झाडांची नवी पानं करपून राहिली होती. वऱ्हाड आत शिरणार ते अशा मरणकळा आलेल्या झाडांखालून. शुक्रवारी जेसीबी सांगितली आहे, झाडं काढून टाकतो आणि तिथं प्लास्टिकचे पाम उभे करतो, तुम्हाला कळवलेलं बरं म्हणून फोन केला, असं ते म्हणाले.

प्लास्टिकचे, हा शब्द जगदेवीबाईंच्या कानात दिवसभर खुपत राहिला.

२

लॉन्सचा माळी रेवणप्पा निलंग्याच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावचा. बोलता बोलता कानडीत घसरायचा. वयानं थोरला असूनही तो जगदेवीबाईंना अक्काच म्हणायचा.

दुपारी बाई पोचल्या तेव्हा लॉन्सवर चिटपाखरू नव्हतं. मंडपाचे सांगाडे उघडे पडले होते, खुर्च्या एकात एक घालून रचल्या होत्या. त्या तडक ओळीतल्या झाडांकडं गेल्या. पामचं नवं पान उलगडण्याआधी शेंड्यातून गुंडाळलेल्या छत्रीसारखं सरळ उभं असतं. ज्वारीच्या बोलीत पोंगा म्हणतात तेच. अकरा झाडांचे अकरा पोंगे टोकापासून तपकिरी पडले होते.

जुनी पानं खालून वाळली असती तर बाईंनी फिकीर केली नसती. झाड म्हातारं पान सोडून देतं, त्यातलं सत्त्व वर ओढून घेतं. पण नवंच पान करपून येत असेल तर दुखणं काळजाला लागलेलं असतं, आणि पामला काळीज एकच. आंब्याची फांदी मेली तर दुसरी फुटते. पामचा शेंडा मेला की झाड मेलं.

त्यांनी रेवणप्पाची उलटतपासणी घेतली. आचारी लोक भाताची गरम पेज झाडांच्या बुडाशी ओततात का? दोन लग्नांत ओतली होती, त्यानं कबूल केलं, त्यावरून भांडणही झालं होतं. पण ती दहाव्या-अकराव्या झाडाला, स्वयंपाकघराच्या बाजूला. ती दोन झाडं तर त्यातल्या त्यात बरी होती. पाणी? सगळ्यांना एकाच बोअरचं. खत? सगळ्यांना सारखं.

मग बाई ओळीपासून दहा पावलं मागं सरल्या. दुखणं सारखं नव्हतं. दोन्ही टोकांची झाडं जरा बरी, आत येऊ तसा तपकिरी रंग वाढत गेलेला, आणि बरोबर मधलं, सहावं, सगळ्यांत वाईट. आणि अकरा झाडांची उंची, जी त्यांनी निवडून एकसारखी दिली होती, ती मध्यावर किंचित झुकली होती. ओल्या धोतरानं वाकलेल्या दोरीसारखी.

त्या सहाव्या झाडाशी गेल्या. गेरूचा पट्टा त्यांच्या खांद्याशी असायला हवा होता. तो कमरेच्या जरा वर होता. त्यांनी कोपर मातीला टेकवून हात लावला. एक हात. दोन हात. मग चार बोटं, आणि पट्टा.

"रेवणप्पा, माती टाकली का वर?"

"न्हाई अक्का. एक टोपलं बी न्हाई."

तो खरं बोलत होता. तीन वर्षांपूर्वी आळ्याभोवती बाईंनी स्वतः बसवलेल्या विटा होत्या तशाच मातीशी सपाट होत्या. फक्त खोडाभोवती एक फट पडली होती, बोट जाईल एवढी, गोल, सगळीकडून सारखी.

३

माणूस शहाणा असला की आधी स्वतःवर शंका घेतो. बाईंनी घरी जाऊन आरशासमोर हात धरून बघितला. वय वाढलं की माणूस आखडतं, हात आखडत असेल का? पण हात आखडला तर मोजमाप वाढायला हवं, कमी व्हायला नको. हा हिशेब पटल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

त्यांची लेक दामिनी लातुरात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिला फोन केला. ती हुशार पोरगी, तिनं कारणांची रांग लावली. तिकडची माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. अशा मातीत मँगनीज असूनही झाडाला मिळत नाही आणि नवं पानच करपतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खचते, झाड थोडं खाली बसू शकतं. शिवाय पिशवीत वाढलेल्या झाडाची मुळं गोल गोल फिरतात आणि स्वतःलाच आवळतात. एकेक कारण खणखणीत होतं, आणि बाईंनी ते कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं.

"माती खचली तर विटा का खचल्या न्हाईत?" त्यांनी विचारलं.

दामिनी म्हणाली, "आई, जेवलीस का तू?"

४

बुधवारी त्या शिडी घेऊनच गेल्या. पामच्या दुखण्यात शेवटची परीक्षा पोंग्याची असते. पोंगा मुठीत धरून ओढायचा. तो सहज हातात आला आणि बुडाशी कुजका वास सुटला, तर काळीज सडलं, झाड संपलं. नाही आला, घट्ट राहिला, तर झाड जितं आहे, औषधाला जागा आहे. बाईंनी आयुष्यात शेकडो पोंगे ओढले असतील. अर्धी झाडं रडत सोडली होती आणि अर्धी वाचवली होती.

रेवणप्पानं शिडी धरली. बाई वर चढल्या, गळ्यातलं लिंग चोळीत खोचलं, पदर कमरेला बांधला आणि सहाव्याचा पोंगा दोन्ही हातांत धरून ओढला.

नाही आला. घट्ट होता. वासही ताज्या कणसासारखा, गोडसर. बाईंना इतका आनंद झाला की त्या वरूनच हसल्या. जितं आहे, त्यांनी खाली सांगितलं, आणि मूठ सैल केली.

सैल मुठीतून पोंगा खाली गेला. बोटभर, मग आणखी बोटभर. निसटला नाही, कुणी ओढून घ्यावा तसा गेला. बाईंनी पुन्हा धरला, थोडा वर ओढला. खालून तेवढीच ओढ आली. त्यांनी जोर वाढवला, खालचाही वाढला. त्या थांबल्या, ते थांबलं. ओढ काही राक्षसी नव्हती. पाळण्यातलं लेकरू बोट धरतं आणि सोडत नाही, तेवढीच होती, आणि म्हणूनच बाईंच्या अंगावर काटा आला.

त्यांना त्या क्षणी कळलं की पान का करपतंय. ते आजारी नव्हतंच. त्याला बाहेर येऊ दिलं जात नव्हतं. उगवायच्या जागीच धरून ठेवलेलं पान दुसरं काय करणार, ते आतच वाळणार.

"अक्का, काय झालं?" रेवणप्पानं विचारलं.

काही नाही, वारा आहे, असं त्या म्हणाल्या. खुर्च्यांवर टाकलेलं फडकंसुद्धा हलत नव्हतं.

५

खाली उतरल्यावर त्यांनी खोडाला कान लावला. हेही धंद्यातलंच आहे. पामच्या पोटात सोंड्या भुंग्याची अळी शिरली तर ती खोड कुरतडत असते, आणि कान लावून नीट ऐकलं तर तो कुरतडण्याचा आवाज येतो. बाईंना मनापासून वाटत होतं की तो यावा. अळीवर औषध असतं.

आवाज आला, पण कुरतडण्याचा नव्हता. एक लांब खरखर, वरून खाली. मग थांबा. मग पुन्हा लांब खरखर. तिसऱ्यांदा मध्येच अडखळून दोन छोटे झटके, आणि मग पुन्हा सुरळीत. बाईंनी डोळे मिटले. हा आवाज त्यांच्या हातात बसलेला होता. दामिनीचे केस गुडघ्यापर्यंत होते, आणि शाळा सुटेपर्यंत रोज सकाळी त्यांनीच ते विंचरले होते. गुंता आला की असेच दोन झटके द्यावे लागतात. खाली कुणीतरी फणी फिरवत होतं, सावकाश, जगातला सगळा वेळ आपलाच असल्यासारखं.

त्यांनी पाचव्या झाडाला कान लावला. तिथं तोच आवाज, पुसट. चौथ्याला नव्हता. सातव्याला होता.

"तू ऐक बरं," त्या रेवणप्पाला म्हणाल्या.

"ब्याड अक्का. नको मला." तो दोन पावलं मागं सरला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "दिवाळीपासून मी डबा गेटाच्या भाईर बसून खातो. कामून ते इचारू नका."

बाईंनी विचारलं नाही. मग रेवणप्पानं आपण होऊन शिडी उचलली.

६

गुरुवारी सहाव्याचा पट्टा दोन हातांवर आला होता. चार बोटं दोन दिवसांत गेली. पाचव्या आणि सातव्या झाडाचा पट्टाही आता तीन हातांपेक्षा एक वीत कमी भरत होता. अकरा झाडांच्या ओळीला कुणीतरी मधोमध धरून खाली घेत होतं, आणि टोकाची झाडं मागोमाग चालली होती.

जगदेवीबाई घरी येऊन अंगणात बसल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगायचं. झाडं उपटू द्यावीत, प्लास्टिकची उभी राहू द्यावीत, आपण या वयात कुठं पडायचं या भानगडीत, असंही एकदा मनात आलं. मग त्यांना खिशातून बी काढणारा नवऱ्याचा हात आठवला. उताणी मूठ, आणि तिच्यात ते वाटाण्याएवढे दाणे. आपली अकरा लेकरं कुणीतरी वेणीला धरून खाली ओढतंय आणि आपण कॅलेंडरच्या मागं कारणं लिहितोय, या विचारानं त्यांना राग आला. जगदेवीबाईंचा राग हा चाकुरात प्रसिद्ध आहे. तो आला की भीतीला बसायला जागा उरत नाही.

त्यांनी अमृतरावांना फोन लावला.

"उद्या जेसीबी येऊन राहिली न्हाई का? तिचा पहिला घंटा माझा."

एका तासात काय होणार, असं अमृतराव म्हणाले.

"झाडं तीन हातांवर आली न्हाईत, तर अकराच्या अकरा मी माझ्या हातानं उपटून देते. पुन्हा आयुष्यात पाम इकणार न्हाई."

अमृतराव व्यापारी माणूस, शब्दाचं वजन ओळखणारा. हाव, घ्या तुमचा घंटा, असं ते म्हणाले.

७

शुक्रवारी नऊ वाजता काम सुरू झालं. बाईंनी सहाव्याभोवती छातीइतका खोल चर खणून घेतला, मुळांना धक्का न लावता, आधी यंत्रानं आणि मग टिकावानं. खोडाला गोणपाट गुंडाळलं, त्यावर जाड पट्टा बांधून तो जेसीबीच्या बकेटला अडकवला. अमृतराव गाडीत बसून कुणाशी तरी जेवणावळीचं बोलत होते. जेसीबीवरचा सुदर्शन हा उमरीकडचा गडी, कानात गाणी घालून काम करणारा. झाड सरळ वर उचल, वाकडं करू नको, एवढंच त्याला सांगितलं होतं.

पट्टा ताणला. झाड हललं, वर आलं, एक वीत, दोन वीत, जवळजवळ हातभर. मग अडलं. इंजिनाचा आवाज चढला. झाड जागचं हललं नाही, आणि यंत्राची मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली. सुदर्शननं कानातलं काढलं.

बाईंनी हात वर केला. तसंच धरून ठेव, ओढू नको, नुसतं धर. मग त्या चरात उतरायला लागल्या.

रेवणप्पानं त्यांचा दंड धरला. वर झाड टांगलेलं, खाली बाईमाणूस, काही झालं तर मी तोंड कुणाला दाखवू, असं तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. बाईंनी त्याचा हात हळूच सोडवला आणि खाली गेल्या.

८

चरात गारवा होता, आणि नुकतंच न्हालेल्या डोक्याला येतो तसा ओला वास. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि वाकून उचललेल्या झाडाच्या बुडाखाली बघितलं.

पामची मुळं पेन्सिलीएवढी जाड असतात आणि सगळीकडं फाकतात. ही फाकली नव्हती. शेकडो मुळं एकत्र आणून, नीट विंचरून, तीन पेडांत वाटली होती आणि त्यांची वेणी घातली होती. मनगटाएवढी जाड वेणी, पेड सारखे, एक मूळ बाहेर निसटलेलं नाही. ती सरळ खाली गेली होती, चराच्या तळाशी बांगडीएवढ्या एका भोकात, आणि ताणलेली होती. बाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा की घालणाऱ्याचा हात चांगला आहे. तो विचार आल्याची त्यांना नंतर लाज वाटली.

कोयता कमरेला होता. पण मुळं तोडली तर झाड कसं जगणार? आणि वेणी तोडत नाहीत, सोडतात. त्यांनी वरून सुरुवात केली. अंगठा घालून पहिला वेढा सैल केला, पेड मोकळा केला. दुसरा वेढा, तिसरा. मुळं सुटून बाजूला फाकायला लागली. वर गोणपाट करकरलं. मग त्यांना दिसलं की त्या एक वेढा सोडतात तोवर खाली, भोकाच्या तोंडाशी, एक वेढा पडतो आहे. सुटलेले पेड कुणीतरी पुन्हा घेत होतं. त्यांनी हात जलद चालवले. खालचंही जलद झालं. आता फणीचा आवाज कानात नव्हता, समोरच होता.

वेणीचे वेढे वर वर येत बाईंच्या बोटांपर्यंत आले. आणि पेडांच्या मधून काहीतरी गार, बारीक, त्यांच्या करंगळीच्या शेजारी येऊन पेड उचलायला लागलं. रीतीनं. उजवा पेड मधल्यावर, डावा मधल्यावर.

जगदेवीबाईंनी ओरडावं, पळावं, असा तो क्षण होता. पण त्यांना सात वर्षांची दामिनी आठवली, आई वेणी सोडत असताना मागं हात घालून लुडबुड करणारी. त्यांचा हात आपोआप उठला, आणि त्यांनी फटकन चापट मारली.

"हात काढ."

सगळं थांबलं.

"हात काढ म्हटलं ना. दुसऱ्याच्या लेकराच्या केसांना हात लावती का? काढ."

ती बोटं थांबली, आणि मग एकेक करून पेडांतून बाहेर निघायला लागली, सावकाश, शिक्षकानं वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी. फार लांब होती. नखांत माती नव्हती, स्वच्छ होती. बाई ती मोजत होत्या आणि पाचावर ती संपली नाहीत. दहावरही नाहीत. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि मान वळवून राहिलेले वेढे सोडवले.

शेवटचा पेड सुटला तसं झाड उसळून वर गेलं. जेसीबीची चाकं धाडदिशी जमिनीवर आदळली, वरून रेवणप्पाचं शिव शिव ऐकू आलं. मोकळी झालेली मुळं बाईंच्या डोक्यावर हलत होती, आणि त्यांतून झरझर माती गळत होती.

भोक तसंच होतं, काळं. तिथून काही आलं नाही. का कोण जाणे, बाईंना वाटलं की खाली कुणीतरी रिकाम्या हातांनी बसलंय. त्यांनी कमरेचा बटवा काढला, त्यात त्यांची फणी होती, लग्नातली, शिसवी लाकडाची. ती त्यांनी भोकातून खाली सोडली. बराच वेळ कान देऊन राहिल्या. पडल्याचा आवाज आला नाही.

९

भोक वाळूनं भरलं, झाड पुन्हा बसवलं, पट्ट्यापासून मातीपर्यंत तीन हात मोजून. दुपारी बाकीच्या झाडांशी गेल्यावर रेवणप्पाच आधी म्हणाला, अक्का, हे बगा. पाचवं तीन हात. सातवं तीन हात. कुणी हातही लावला नव्हता. बाईंनी अकरा झाडं दोनदा मोजली आणि मग आळ्याच्या विटांवर बसून पदर तोंडाला लावून रडल्या. ते आनंदाचंच रडं होतं. रेवणप्पानं त्या दिवशी डबा आणून सहाव्याच्या सावलीत सोडला, आणि अर्धी भाकरी बाईंच्या हातावर ठेवली.

अमृतरावांनी विचारलं, झालं काय होतं? मुळं गुंतली होती, बाई म्हणाल्या. दामिनीलाही त्यांनी तेच सांगितलं, आणि दामिनी म्हणाली, मी म्हटलंच होतं. खरंच म्हटलं होतं तिनं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

नऊ दिवसांनी सृष्टीचं लग्न लागलं. जगदेवीबाई इरकल नेसून आल्या, त्या मंडपात न जाता आधी ओळीकडं गेल्या. अकरा पोंगे वर सरकले होते. टोकाला जुनं करपलेलं बोटभर, आणि त्याखाली हातभर लांब, ओलं, पोपटी पान. सहाव्याचं तर उलगडायलाही लागलं होतं. ऊन त्यातून आरपार येत होतं. बाईंनी त्या भरजरी इरकलीतच शिडी मागवली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर वर चढून सहाव्याचा पोंगा ओढला. तो घट्ट होता. त्यांनी मूठ सैल केली आणि वाट बघितली. पोंगा तिथंच राहिला. खालून कुणी ओढलं नाही.

प्लास्टिकचे पाम खोक्यांतून बाहेर आलेच नाहीत. अमृतरावांनी बाईंना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं, विधवेची भरत नाहीत ही रीत बाजूला सारून साडी-नारळानं त्यांची ओटी भरायला लावली आणि सगळ्या पाहुण्यांना सांगत सुटले की अशी झाडं बारा कोसांत कुणाकडं नाहीत. जगदेवीबाई मान ताठ करून बसल्या होत्या. मुंडावळ्या बांधून नवरी दरवाजातून आली तेव्हा अकरा झाडांच्या सावल्या तिच्या वाटेवर सारख्या उंचीच्या पडल्या होत्या, आणि बाईंना वाटलं, आता मेलं तरी चालेल. अर्थात जेवणाआधी नाही.

१०

त्या पावसाळ्यात काम भरपूर आलं. सुदर्शननं गावी जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण उमरीच्या एका शाळेनं आवारात लावायला चोवीस पाम मागवले. बाई गेरूचा डबा घेऊन स्वतः गेल्या. रेवणप्पाला बरोबर नेलं होतं, तो आता त्यांच्याच रोपवाटिकेत आहे.

चोवीस खड्डे खणून तयार होते, उजेड स्वच्छ होता, पोरं वर्गात पाढे म्हणत होती. जगदेवीबाईंच्या कामाच्या पद्धतीत आता एका गोष्टीची भर पडली आहे. प्रत्येक खड्ड्याशी त्या गुडघ्यांवर बसतात, वाकतात आणि आत तोंड करून ठणकावून म्हणतात, "हात काढ." मग कान देतात, आणि मगच झाड आत जातं. उमरीचे मजूर एकमेकांकडं बघून हसले. हसू द्या, रेवणप्पा त्यांना म्हणाला, तुम्ही काम करा.

पहिल्या खड्ड्यात काही नव्हतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातही नव्हतं. पाचव्याशी बाई वाकल्या आणि तेच म्हणाल्या. खालून आवाज आला, अगदी हलका, पण त्यांना न ओळखू येण्यासारखा नव्हता. लाकडाची फणी कुणीतरी हळूच खाली ठेवली होती.

बाई उठल्या, गुडघ्याची माती झटकली आणि मजुरांकडं वळल्या.

"हं. घाला," त्या म्हणाल्या. "तीन हात."